आधी ‘जेवलीस का’ शिकायचं

६ ऑगस्ट

ह्यांनी आज ताटावर बसल्या बसल्या जाहीर केलं — दिवाळीच्या पाडव्याला दुकान पुतण्याच्या, रामेश्वरच्या हवाली करायचं आणि आपण रिटायर व्हायचं. रिटायर होऊन राहायचं कुठं? तर नानला. थायलंडमधल्या नानला!

मी भाकरी थापत होते. हात परातीतच राहिला.

“हसायला कावून आलं तुला?”

हसत नव्हते. पण चेहऱ्याचं काही सांगता येत नाही.

अंबाजोगाई नाही, लातूर नाही. लेक पुण्यात आहे, तर पुणेही नाही. घाटनांदूरच्या कृषी सेवा केंद्राचे मालक तानाजीशेठ, वय सत्तावन्न, पुण्यात दोन दिवस राहिले की पाणी मानवत नाही म्हणून गावाकडे पळतात — आणि हे निघाले नानला. तव्यावरची भाकरी करपली तेवढ्यात.

८ ऑगस्ट

विषय संपला असेल असं वाटलं होतं. नाही. आज परत — “नानची हवा आठव. तितली माणसं आठव.”

आठवायला कशाला लागतं? दोन वर्षं झाली, तरी रोज एकदा तरी आठवतं. बियाण्याच्या कंपनीनं टार्गेट गाठणाऱ्या डीलरांना थायलंडला नेलं होतं. त्या साली बायकांसकट नेलं, म्हणून निम्मे डीलर नाराज होते! शेवटी मक्याचे प्लॉट दाखवायला उत्तरेकडे, डोंगरातल्या नान गावाला नेलं. तिथं ह्यांना सडकून ताप भरला. बस पुढं गेली आणि आम्ही दोघं आठवडाभर मागं राहिलो, नोईताईंच्या घरी.

नोईताई साठीच्या. विधवा. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचा माग, मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना. तिकडे मोठ्या बाईला वेगळं काही म्हणतात, मी आपली ताईच म्हणते. त्यांनी ह्यांना आलं घालून भाताची पेज केली, डोक्यावर ओली फडकी ठेवली. आणि मला रोज सकाळी एकच विचारायच्या — “किन खाव रू यांग?” जेवलीस का? तिकडे भेटल्यावर हेच विचारतात. आपल्यासारखंच.

एक गोष्ट मात्र ह्यांनाही सांगितलेली नाही. ताप उतरून ह्यांना झोप लागायची तेव्हा मी नदीवर जायचे. एकटी. न्हालेले केस मोकळे सोडून. कुणी वळून बघितलं नाही. मी तानाजीशेठची मंडळी नव्हते, मंजुळाबाईची सून नव्हते, दीपमालाची मम्मीही नव्हते. काठावर बसायचे आणि परत यायचे. बस. एवढंच. कुणाला सांगितलं तर म्हणतील, हे काय सुख झालं?

११ ऑगस्ट

मोबाइलवर थाई शिकायचं ॲप घेतलं. सहजच.

१७ ऑगस्ट

दीपमालाचा फोन. पप्पांनी तिलाही सांगितलं म्हणे.

“मम्मी, पप्पा सीरियस आहेत?”

“दिसतंय तसं.”

“आणि तू?”

मी म्हटलं, बघू. ती लगेच म्हणाली, “म्हणजे तू तर त्यांच्याहून जास्त सीरियस आहेस.” पोरीला माझं ‘बघू’ कळतं.

मग म्हणाली, “आजीचं काय?”

हाच तर प्रश्न आहे. आत्याबाई — माझ्या सासूबाई, लग्न झाल्यापासून मी त्यांना आत्याबाईच म्हणते — आता पंचाहत्तरीच्या. गुडघे सोडले तर ठणठणीत. हे म्हणतात, रामेश्वर सख्खा पुतण्या, त्याची मोहिनी गुणाची, त्यांचं घर गल्लीतच. आईची काही आबाळ होणार नाही. सगळं खरं. पण त्यांना सांगणार कोण? हे म्हणतात, तू सांग. मी म्हणते, आई तुमची. शेवटी दोघांनी ठरवलं — पक्कं होईपर्यंत कुणीच सांगायचं नाही.

पंचवीस वर्षं एका चुलीपुढं बसलेल्या बाईपासून एवढं लपवायचं. आज त्यांना चहा देताना नजर चुकवली मी. त्यांनी कपाकडेच बघितलं.

२४ ऑगस्ट

नोईताईंशी व्हिडिओवर बोलणं झालं. निम्मं माझं मोडकंतोडकं थाई, निम्मं मोबाइलचं भाषांतर, बाकी हातवारे. त्यांच्या गल्लीत, चार घरं सोडून, लाकडी घर रिकामं होतंय. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा. जानेवारीपासून मिळेल. आधी सहा महिने राहून बघा, म्हणाल्या. मानवलं तर कायमचं या.

बोलता बोलता त्यांनी लिंबाच्या झाडाचं पान दाखवलं — गोळा झालेलं, वर पांढऱ्या नागमोडी रेघा. हे लांब बसून पेपर वाचत होते. टुणकन उठून आले! “नागअळी हाय. इचार, पालवी नवी हाय का? निंबोळी अर्क मिळतो का तिकडं?” पुढचा अर्धा तास ते आणि नोईताई. मला मोबाइल हातात धरायचं काम.

दुपारी ओसरीवर बसून पाठ घोकत होते. आत्याबाई शेजारी शेंगा फोडत होत्या.

“कुणासंग बोलतीस गं?”

“मोबाइल एक भाषा शिकवतोय, आत्याबाई.”

“कुठली बोली?”

“लांबची आहे.”

“परत म्हन.”

म्हटलं. किन खाव रू यांग. त्यांनी टरफलं सुपात झटकली.

२ सप्टेंबर

हळदीकुंकवाला आज घर भरलं होतं. वच्छलाबाई — समोरच्या, गावाचा बातमी विभाग — कुंकू लावून घेता घेता, सगळ्यांच्या देखत, आत्याबाईंच्या देखत म्हणाल्या:

“आयकलं ते खरं हाय का योगिता? फॉरेनला चाललाव म्हन. अन् म्हातारीला हितं टाकून?”

मी तबक खाली ठेवलं. मोहिनी खाली बघायला लागली.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, “वच्छे, तुला तुज्या ल्योकानं पुन्याला नेलतं न्हवं? सातव्या मजल्यावर? मंग पंधरा दिसात कावून आलीस?”

“करमंना झालतं मला.”

“मंग टाकून कोन कुनाला आलं, ल्योक तुला का तू ल्योकाला?”

बायका हसून बेजार. वच्छलाबाईसुद्धा हसल्या — मनाच्या वाईट नाहीतच त्या.

सगळ्या गेल्यावर मी आत्याबाईंच्या पायाशी बसले. बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

“आता रडतीस कावून? मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. भाकर करपली न्हवं तवा? तू कदी भाकर करपू दिलीस व्हय?”

मग म्हणाल्या, “मी काय कमी गेलते का परमुलखात? दर साल. दसरा झाला की ट्रकात बसायचं. कर्नाटकात गेलं की बोली कळंना, फलकावरलं अक्षर कळंना. रानात पाचटाची कोप घालायची, संध्याकाळच्या आत चूल पेटवायची. समदी बाया-मानसं बिचकायची. मी पयल्यांदा येकच शिकले — ऊट आयता? जेवलीस का? रोज सकाळी हिरीवरल्या बायांना इचारायची. आठ दिसात एक म्हातारी ताक घिऊन आली.”

डोळे पुसायचे राहूनच गेले. पंचवीस वर्षांत ऊसतोडीचं बोलल्या ते मोळ्या, पाचट, थंडी एवढंच. ताकाचं कधी बोलल्या नव्हत्या.

३ सप्टेंबर

हलकं हलकं वाटतंय! सकाळी ॲप मोठ्यानं लावलं.

१४ सप्टेंबर

आत्याबाईंनी माझ्या जाण्याचा ताबाच घेतलाय. मी कपड्यांचा विचार करत होते. त्या म्हणाल्या, “कापडं तितं भेटत न्हाईत व्हय? लोकं उघडी फिरतेत?” न्यायचा फक्त तवा. बिडाचा. बाकी सगळं जगात कुठंही मिळतं, हातातला तवा मिळत नाही. बारा वर्षं ऊसतोडीला त्यांच्याबरोबर तोच एक तवा गेला. अजून आमच्या चुलीवर तोच आहे.

“तितं जवारी पिकती का?”

“मका आहे भरपूर.”

“मंग बास.”

दुपारी काहीतरी आठवून एकट्याच हसायला लागल्या. विचारलं तर सांगितलं. हे सहा वर्षांचे असताना मामंजी वारले. त्या साली मुकादम कुणाला ऊसतोडीला न्यायचं ते ठरवायला आला. तिथं एकट्या माणसाला नेत नाहीत. नवरा-बायकोची जोडी धरून एक कोयता मोजतात — एकानं तोडायचं, एकानं मोळ्या बांधून ट्रकात चढवायच्या. मुकादम म्हणाला, मंजुळाबाई, तुमचा कोयता मोडला, आता औंदा घरी बसा. आत्याबाईंनी घरातून नणंदेला हाताला धरून आणलं. दगडाबाई, नवऱ्यानं सोडलेली, हाडापेरानं दणकट. “म्हनलं, ही घ्या दुसरी. ह्यो कोयता. मोजा.”

“मग? घेतलं त्यानं?”

“घेतो न्हाई तर काय करतो? ट्रक हुबा व्हता, जोडी कमी पडत व्हती. पुढं पाच सालं आमी नणंद-भावजय. समद्या तळावर आमची मोळी जड असायची.”

दगडाबाई गेल्या त्याला आता दहा वर्षं होतील. आत्याबाई तवा पदरानं पुसत बसल्या. पण चेहऱ्यावर हसू तसंच.

२९ सप्टेंबर

व्हिसाच्या कामाला लातूरचा एजंट धरलाय. एका खेपेला सहा महिने राहता येईल, कागदांचं मी बघतो, म्हणाला. आमचे दोघांचे फोटो काढले. माझा बरा आलाय. ह्यांचा — कुणीतरी धरून आणल्यासारखा! मी चेष्टा केली, तर हे हसलेच नाहीत.

१२ ऑक्टोबर

आज डबा घेऊन दुकानात गेले. फवारण्यांचे दिवस, काउंटरला गर्दी. रामेश्वर गल्ल्यावर, हे आतल्या खुर्चीत. पण प्रत्येक जण रामेश्वरला ओलांडून ह्यांच्याकडेच. कुणाच्या पिशवीत कपाशीचं बोंड, कुणाच्या मुठीत तुरीचा शेंडा. “शेठ, बघा बरं, ह्येच्यावर काय मारू?” हे चष्मा वर करायचे, पान उजेडाला धरायचे, उलटं करायचे. एकाला तर म्हणाले, “काई मारू नको बे. घरी जा, झोप काढ. रोग न्हाई, पानी जास्त झालंय.” औषध विकायला बसलेला माणूस गिऱ्हाईक परत पाठवतो — म्हणून तर गर्दी.

अर्धा तास उभी होते. ह्यांना मी दिसलेच नाही.

डबा ठेवून निघाले. ह्यांनी नानचं नाव काढलं तेव्हा त्यांना काय हवं होतं? तापात डोक्यावर ओलं फडकं ठेवणारं कुणीतरी. कुणी काही न विचारता घालवलेला एक आठवडा. थकले होते, बस. तेवढा एक आठवडाच हवा असेल.

मी मात्र सगळं आयुष्य तिथं नेऊन मांडलं.

२२ ऑक्टोबर. पाडवा

किल्ल्या रामेश्वरला दिल्या. पेढे, हार, फोटो. ह्यांचं भाषण झकास झालं. आता आराम, म्हणाले.

२३ ऑक्टोबर

सकाळी सातला कपडे करून तयार. कुठं? “गोदामाचं कुलूप जरा अडतं, रामेश्वरला दाखवून येतो.” दुपारी दोनला आले.

२६ ऑक्टोबर

आज बोलले. चहा प्यायलो, कप तसेच होते.

“योगिता, माज्यानं व्हायचं न्हाई.”

मी कप गोळा करायला लागले. म्हणाले, बस. बसले.

“तितं मला कोन इचारणार, काय मारू म्हणून? सकाळी उठून मी काय करणार? नदी बघणार? किती येळ?”

“दोन महिने झाले, मी रोज तास तास भाषा शिकतेय. तुम्ही काढलं होतं ना हे?”

“मीच काढलं. चूक माजी.”

चूक म्हणाले म्हणून जास्त राग आला. भांडायची सोयच ठेवली नाही. जरा वेळानं म्हणाले, “तू जा. खरंच सांगतो. सहा महिने राहून ये. मी मुंबईला सोडायला येतो विमानावर.”

मनापासून म्हणाले, हे दिसत होतं. पण मी एकटी? सत्तेचाळीस वर्षांत एका रात्रीसुद्धा घरात एकटी झोपले नाही मी. आधी माहेरचं भरलेलं घर, मग हे. नदीवर एकटं जाणं वेगळं; ते परत यायला कुणीतरी घरी आहे म्हणून जमतं. लोक काय म्हणतील याची भीती नाही फारशी. संध्याकाळी दिवा लावल्यावर “लावला का दिवा?” असं विचारायलाही कुणी नाही — त्याची वाटते.

राग संध्याकाळपर्यंत टिकला नाही. हे बिचारे माझ्यासाठी जिलबी घेऊन आले. त्यांना जिथं ओळखतात तिथं त्यांना राहायचंय, मला जिथं ओळखत नाहीत तिथं. भांडण करून हे सुटणार थोडंच? जिलबी चांगली होती.

१ नोव्हेंबर

ऊसतोडीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जायला लागल्या. वर संसार, कोंबड्या, शेळी, पोरं. आत्याबाई सकाळपासून रस्त्याकडेच्या दगडावर बसून एकेकाला विचारतायत, कुठल्या कारखान्याला? तवा घेतला का?

४ नोव्हेंबर

ठरलं. नोईताईंना नको म्हणून कळवायचं. घर अडवून ठेवणं बरं नाही, त्यांनाही कुणीतरी बघावं लागेल. थाईत चार ओळी लिहिल्या. “माफ करा. यायचं जमत नाही. लिंबाचं झाड कसं आहे?” एवढं लिहायला एक तास गेला आणि वाईट म्हणजे एकही चूक झाली नाही, ॲप म्हणालं.

आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. “काय लिवलंस?”

सांगितलं. ह्यांचं सांगितलं, माझं सांगितलं. एकटीनं जाववत नाही, म्हटलं.

“धाडलं का?”

“रेंज नाही. गच्चीवर जाऊन पाठवते.”

“उद्या धाड.”

काही हरकत नाही. भाषा तर शिकले. सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी भाषा शिकणाऱ्या किती असतील आमच्या गल्लीत? नदी पाहिलेली आहेच. हे घर काही वाईट नाही. हे हसतात पुन्हा, दुकानात जातात, दुपारी भूक लागते त्यांना. आणि आत्याबाईंना सोडून जायचं नाही, हेही आहेच की. किती गोष्टी चांगल्या झाल्या! संध्याकाळी पुरणपोळ्या केल्या, काहीच सण नसताना.

५ नोव्हेंबर

सकाळी उठून बघते तर आत्याबाई न्हाऊन, जरीकाठाचं नऊवारी नेसून ओसरीवर बसलेल्या. मांडीवर पिशवी. पिशवीत तवा.

“चल. फोटो काढायचा हाय.”

“कसला फोटो?”

“पासपोटाचा. तानाजीला रातीच सांगितलंय मी, त्यानं काई आडवलं न्हाई. घर दोगांचं घेतलंस न्हवं? मंग ही घे दुसरी. मोज.”

गुडघे, विमान, औषधं — एकेक मनात येत होतं आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

“अन् त्यो येईल मागनं. त्या बाईच्या लिंबाला कीड हाय न्हवं? तिला सांग, रोज येक पान दाखव त्येला.”

मग उठल्या, तवा काखेत मारला, आणि एकही अक्षर न चुकता मला म्हणाल्या, “किन खाव रू यांग?”

नाही, म्हटलं.

“मंग चार घास खा अन् आवर. फोटोवाला धाला उघडतो.”